परमुलखातला घास

धाड हे बुलढाणा तालुक्यातले, जिल्ह्याच्या अगदी काठावरचे गाव. बुलढाण्याहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारा रस्ता धाडवरून जातो. गाव मागे पडले की लवकरच जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका सुरू होतो. ही हद्द आता रस्त्याकडेच्या पाटीवरूनच काय ती कळते. १९४८ पर्यंत मात्र ती दोन राजवटींमधली सीमा होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला. त्यामुळे धाड इंग्रजी अमलात आणि भोकरदन निजामाच्या राज्यात, अशी जवळपास शंभर वर्षांची वाटणी झाली. आमच्या आजीच्या तोंडी पलीकडच्या मुलखाचे नाव शेवटपर्यंत ‘मोगलाई’ असेच होते. मोगलाईतला पाहुणा, मोगलाईतली सून, मोगलाईतला बाजार. मोगल जाऊन किती काळ लोटला होता याचे तिला सोयरसुतक नव्हते. पलीकडचे ते परके, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

या परक्या मुलखात खात काय होते, असे विचारले तर उत्तर फारच साधे आहे. इकडे जे खात होते तेच. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, बेसन, अंबाडीची भाजी. ठेच्यात शेंगदाणे किती आणि लसूण किती यावर दोन्हीकडच्या बायका आपापला हेका धरतील, पण सीमा ओलांडताच जिभेला काही नवे सापडले असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. गंमत अशी की हे सगळे ‘आपले’ अन्नच मुळात परमुलखातून आलेले आहे. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या परिसरात. ती हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांची जहाजे पश्चिम किनाऱ्याला लागू लागल्यानंतर म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे ती आपल्याकडे पसरली. बटाट्याचे नावही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले आणि पावाचेही. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो, दूरदूरचे व्यापारी तिथे उतरतात. त्या ढिगाऱ्यांकडे पाहून ही वस्तू ज्ञानेश्वरांच्या पानात कधीच पडली नसेल हे कुणाच्या मनात येत नाही. ठेचा-भाकर म्हणजे आफ्रिका आणि अमेरिका यांचा एका घासातला संगम आहे, असे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात. ते हसणे मला आवडते. पण त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या समाजाच्या पानातले इतके काही बाहेरून आले, त्या समाजातला माणूस स्वतः बाहेर गेला तेव्हा त्याने तिथल्या अन्नाबद्दल काय लिहिले?

प्रवासवर्णनाच्या आजच्या वाचकाला हा प्रश्न बाळबोध वाटेल. परदेशी गेलेला माणूस परतताना दोन गोष्टी हमखास आणतो, फोटो आणि खाण्याच्या आठवणी. कुठल्या गल्लीत काय मिळाले, त्याचा वास कसा होता, पहिल्या घोटाला तोंड कसे वाकडे झाले आणि तिसऱ्या घोटाला ते कसे आवडू लागले, हे सांगितल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही. पण मराठी प्रवासलेखनाच्या पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा आनंद जवळपास सापडतच नाही. अन्नाचा उल्लेख पानोपानी येतो, चवीचा येत नाही. या मौनाचा इतिहास लिहिण्याजोगा आहे, असे मला वाटते.

त्याआधी एक छोटे वळण. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनहून आलेल्या दात्यांचे लेख आहेत. म्हणजे आमच्या शेजारगावची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी मध्य भारतातल्या त्या तीर्थांपर्यंत चालत पोहोचली होती. १९३८ मध्ये पाँपेईच्या अवशेषांत भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पुढे सत्तरच्या दशकात भोकरदनला उत्खनन झाले तेव्हा तिच्याशी साम्य असणारी हस्तिदंती मूर्ती तिथेही निघाली. उलट दिशेने भूमध्य समुद्राकडचे मद्याचे उंच कुंभ दख्खनमध्ये येत होते आणि त्यांचे तुकडे नेवाशासारख्या ठिकाणी सापडलेले आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोपी घातलेला, हातात पेला धरून बसलेला एक परदेशी पुरुष रंगवलेला आहे. एके काळी अभ्यासकांनी तो इराणचा राजा खुस्रू असल्याचे ठरवून टाकले होते. तो तर्क आता टिकलेला नाही. राजा असो वा व्यापारी, दख्खनमध्ये बसून परका माणूस पेय पितो आहे आणि इथला चित्रकार ते कुतूहलाने पाहतो आहे, एवढे चित्रात स्पष्ट दिसते. त्या कुतूहलात विटाळाची छाया दिसत नाही. ती नंतरची. पण चित्र म्हणजे पुरावा नव्हे, आणि मी या मुद्द्यावर फार भार टाकणार नाही.

लिखित इतिहासात शिरले की चित्र एकदम बदलते. १७८१ साली रघुनाथरावांचा वकील हणमंतराव नावाचा ब्राह्मण, एका पारशी सोबत्यासह लंडनला पोहोचला. पेशवाईच्या भाऊबंदकीतला हा एक केविलवाणा अध्याय. राघोबादादांना इंग्रजांची मदत हवी होती, ती मिळाली नाही. पण या वकिलांची गाठ एडमंड बर्क या थोर संसदपटूशी पडली आणि त्याने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले. हणमंतरावांना परक्याच्या स्वयंपाकघरातले चालणार नव्हते. तेव्हा बर्कने बागेतले काचघर त्यांच्यासाठी मोकळे करून दिले. झाडे थंडीपासून जपण्यासाठी बांधलेल्या त्या घरात हणमंतरावांनी चूल मांडली, सोवळे पाळले, स्वतः रांधून खाल्ले.

या दृश्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. इंग्लंडची थंडी, काचेच्या भिंती, आत धुराने कोंडलेला एक मराठी माणूस आणि बाहेरून त्याच्याकडे आदराने, थोड्या नवलाने बघणारे यजमान. परदेशात असूनही परदेशापासून अलग, पण सर्वांना दिसेल असे. पुढची शंभर वर्षे मराठी प्रवासी कमीअधिक प्रमाणात याच काचघरात राहिला. हणमंतरावांनी स्वतः काही लिहून ठेवले असते तर आपल्या प्रवासवाङ्मयाचा आरंभ तिथून धरता आला असता. त्यांच्याविषयी आपल्याला कळते ते इंग्रजी कागदपत्रांतून. परतल्यावर शुद्धीसाठी वकिलांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढण्यात आले, म्हणजे जणू पुन्हा जन्माला घालण्यात आले, अशी नोंद कॅप्टन विल्फर्डने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये केली आहे. समुद्रगमन हे कलिवर्ज्यांपैकी एक. पण एरवीच्या प्रायश्चित्तात काय असे, तर पंचगव्य. पाप तोंडावाटे आत गेले, ते तोंडावाटेच बाहेर काढायचे. या व्यवस्थेला जिभेचे महत्त्व किती नेमके कळले होते! फक्त त्या जिभेला चव असते, हे तिला कबूल नव्हते.

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी लंडनमध्ये जवळजवळ चौदा वर्षे राहिले आणि १८५३ मध्ये परतले. चौदा वर्षे म्हणजे एक वनवास. त्यांचे चरित्र वाचताना अर्ज, सभा, कर्ज आणि निराशा यांची माहिती मिळते. त्या चौदा वर्षांत त्यांना एखादा विलायती पदार्थ आवडला का, हे विचारायचे धाडस कुठलाही चरित्रकार करत नाही. मराठी चरित्रलेखनात नायकाला भूक लागू शकते, ती त्यागाची खूण असते. रुची लागणे कमीपणाचे.

मग येते १८८३ हे वर्ष. एकाच वसंतात, तेरा दिवसांच्या अंतराने, दोन मराठी स्त्रिया समुद्रापार निघाल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून अमेरिकेकडे आणि पंडिता रमाबाई २० एप्रिलला मुंबईहून इंग्लंडकडे. एक अठरा वर्षांची, दुसरी पंचविशीची. दोघींच्या प्रवासात अन्न हा केंद्रवर्ती प्रश्न होता आणि दोघींना तो सर्वस्वी वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागला.

आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, पोशाख आणि आहार बदलणार नाही, हे त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितले. ही प्रतिज्ञा करणारी मुलगी ज्या देशात निघाली होती तिथल्या एकाही घरात तिने तोवर पाऊल टाकलेले नव्हते. तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते. विरोध करणाऱ्यांना गप्प करण्यासाठी तिला स्वतःचे शरीर तारण ठेवावे लागले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी तिला लेकीसारखे सांभाळले. पण फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर थंडी, अपुरा आहार, स्वतःचे रांधून अभ्यासाचे डोंगर उपसणे आणि मागे लागलेला आजार, हे सगळे एकावर एक चढत गेले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या, वयाची बावीस वर्षेही पूर्ण नव्हती. त्यांचा मृत्यू क्षयाने झाला. तो आहाराच्या प्रतिज्ञेवर ढकलून देणे वैद्यकीय दृष्ट्या उथळपणाचे होईल. पण प्रतिज्ञेची किंमत त्यांनी मोजली नाही, असेही म्हणता येणार नाही.

काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र आणि त्याआधीच्या वर्षी आलेले कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र शेजारी ठेवून वाचावे. दोन्हीकडे ही मुलगी काय खात नव्हती, याची नीट नोंद आहे. तिला काय खावेसे वाटले, हे दोन्हीकडे शोधावे लागते. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी कल्पनेने ती जागा भरू शकली असती, पण तिचेही लक्ष प्रामुख्याने नवराबायकोच्या संबंधावर आहे. ते गैर नव्हे. मात्र अठरा वर्षांच्या मुलीने अमेरिकेतल्या फळांचा पहिला हंगाम पाहिला असेल, तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटले असेल की नाही, हा प्रश्न मला कुठल्याही सनावळीइतकाच ऐतिहासिक वाटतो.

रमाबाईंची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे शास्त्राप्रमाणे विटाळाचा प्रश्न संपला. आता त्यांना काय वाटेल ते खायला मोकळीक होती, नव्हे, त्यांनी ते खावे अशी अपेक्षा होती. आणि नेमके इथे त्यांनी पाय रोवले. मांस, मासे, अंडी खाणार नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात (तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला) अंडे घातलेल्या पुडिंगापर्यंत हा वाद पोहोचलेला दिसतो. धर्मगुरूंच्या मते हा जातीचा अहंकार, तो गेल्याशिवाय ख्रिस्ताचा स्वीकार अपुरा. रमाबाईंचे म्हणणे असे की श्रद्धा बदलली म्हणून आपल्या माणसांच्या चालीरीती टाकून देण्याचे कारण नाही, आणि काय खायचे हे ठरवण्याचा हक्क आपला आहे.

हा वाद वाचताना बाजू घेणे सोपे नाही. रमाबाईंच्या शाकाहारात ब्राह्मणी संस्कार होताच, आणि जातीचे काही संस्कार आपल्यात अजून उरलेले असतील, हे त्या स्वतः नाकारत नाहीत. पण त्याच आहाराला त्यांच्या हातात एक नवा अर्थ आला. पुण्यात जे बंधन होते ते वाँटेजमध्ये स्वातंत्र्य झाले. इथे ब्राह्मण म्हणतात खाऊ नकोस, तिथे सिस्टर म्हणतात खा. दोघांनाही तिच्या ताटावर ताबा हवा. ‘नाही’ म्हणण्याची ही चव मराठी वाङ्मयात प्रथम रमाबाईंच्या पत्रांत सापडते, आणि ती पत्रे त्यांनी इंग्रजीत लिहिली हा आणखी एक विपर्यास.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिल्या. त्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ चे पुस्तक निघाले. मराठीतले हे पहिल्या दर्जाचे समाजवर्णन. प्रवासवर्णनांच्या अभ्यासक्रमात ते सहसा नसते याचे मला दर वर्षी नव्याने आश्चर्य वाटते. या पुस्तकात पेय आहे, पण ते दारू या रूपात. अमेरिकेतल्या स्त्रियांनी मद्यपानाविरुद्ध उभारलेली संघटना, तिच्या शाखा, फ्रान्सेस विलर्ड यांचे नेतृत्व, हे रमाबाई हरखून जाऊन सांगतात. स्त्रिया संघटित होऊन पुरुषांच्या पेल्यावर हात ठेवू शकतात, हा त्यांना लागलेला शोध. परदेशातले अविस्मरणीय पेय कोणते, असे त्यांना विचारले असते तर बहुधा त्यांनी न प्यायलेल्या पेयाचेच नाव घेतले असते.

याच सुमारास परदेश स्वतःच कपबशीत बसून पुण्यात आला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. व्याख्यानानंतर मिशनच्या स्त्रियांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, पुण्यातली अनेक नामवंत मंडळी होती. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता हातात धरून खाली ठेवला. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि शहर पेटले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी बसली, ग्रामण्य सुरू झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि आपल्याच अनुयायांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’त हा प्रसंग ज्या संयमाने लिहिला आहे तो पाहण्यासारखा आहे. घरातल्या बाईच्या बाजूने ग्रामण्य कसे दिसते, कोण जेवायला येईनासे होते, कुणाच्या पंक्तीची चिंता पडते, हे सनातनी आणि सुधारक यांच्या गदारोळात दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही.

या सगळ्याचा सूत्रधार कोण, तर गोपाळराव जोशी. आनंदीबाईंचे यजमान. ज्यांच्या पत्नीने आहार न बदलण्याची शपथ घेऊन समुद्र ओलांडला, जे स्वतः अमेरिका पाहून आले, त्यांनीच पुण्यातल्या पुढाऱ्यांना चहाच्या एका पेल्याने उघडे पाडले. सूड म्हणावा, चेष्टा म्हणावी की दुःखाने तिरपागडे झालेल्या माणसाचा उद्योग म्हणावा? मला तिन्ही दिसतात. अठरा वर्षांच्या मुलीने जी कसोटी एकटीने दिली ती या थोरामोठ्यांना एका संध्याकाळीही देता येत नाही, हे गोपाळरावांनी दाखवून दिले. त्यांचा हेतू हाच होता असे मी म्हणत नाही; परिणाम मात्र हा झाला. आणि इतक्या गदारोळानंतरही त्या चहाची चव कशी होती, त्यात दूध होते का, साखर किती होती, हे कुणीही लिहून ठेवलेले नाही.

इथवरचा सगळा इतिहास, हे लक्षात आले असेलच, विटाळ होईल म्हणून भिणाऱ्यांचा आहे. ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे मानले गेले, त्यांनी परदेश पाहिला तेव्हा काय झाले?

जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. पहिले काही दिवस ते विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही, गोमांसाचे पदार्थ फार असत, म्हणून ते कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. किती साधी तक्रार! वसतिगृहात राहणाऱ्या कुठल्याही मुलाने करावी अशी. जेवण आवडले नाही म्हणून जागा बदलता येणे हेच मुळी नवे होते. १९०१ च्या सुमारास मसूर स्टेशनवरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या याच मुलाजवळ डबाभर खाणे होते, पण वाटेत कुणी पाणी देईना, आणि पाण्याशिवाय घास गिळता येईना, म्हणून भावंडे उपाशी झोपली होती. ही हकीकत त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात लिहिली. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असेही ते त्यात सांगतात. हणमंतरावांना परदेशात काचघर लागले. आंबेडकरांचे काचघर परदेशात फुटले.

लंडनचे दिवस वेगळे. १९२० नंतर अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी ते तिथे परतले तेव्हा पैशाची फार ओढ होती. सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा कप, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, आणि रात्री अभ्यास करताना भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. हा तपशील चरित्रांमुळे आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे. तो सांगितला जातो तो कष्टाचा दाखला म्हणून, आणि तो तसा आहेच. पण त्यात मला आणखी काही दिसते. मराठी माणसाच्या परदेशी आहाराचे इतके नेमके, वासासकट जिवंत चित्र त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मी वाचलेले नाही. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क. तो कप आणि तो पापड एकाच खोलीत, एकाच माणसाच्या दिवसात आले. प्रतिज्ञा नाही, प्रायश्चित्त नाही. भूक आहे आणि जे मिळाले ते आहे.

आता पुन्हा आमच्या सीमेकडे येतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्येच १९३४ सालची एक सहल आहे. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, सुमारे तीस जण, वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाट निजामाच्या राज्यातून, म्हणजे आजीच्या भाषेत मोगलाईतून. परके राज्य म्हणून त्यांनी आपली ओळख उघड न करण्याचे ठरवले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद होता. प्रवासाची धूळ अंगावर होती. काहींनी त्या पाण्याने तोंडे आणि पाय धुतले. रमजानचा महिना होता. एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत आला, हौद बाटवला म्हणाला, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. कोलंबियाची आणि लंडनची पदवी घेतलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बोललेला नेता, धाडहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी ओंजळभर पाण्यापाशी अडवला गेला. खरा परमुलूख कुठे सुरू होतो याचा नकाशा या हौदापाशी काढावा लागतो, आणि त्यात बोटीच्या तिकिटाची गरज नसते.

प्रवासवर्णनांतला आनंद नंतर आला, आणि आला तेव्हा भरभरून आला. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’ने (१९१०) हजार पाकक्रियांमध्ये विलायती पदार्थांनाही जागा दिली होती, म्हणजे पाककृतीच्या पुस्तकात चव आधी शिरली, प्रवासाच्या पुस्तकात नंतर. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि मग पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३). पु. लं.च्या हाती प्रवासी पहिल्यांदा निर्धास्तपणे जेवायला बसला. परक्या पदार्थापुढची त्याची फजिती हसण्याचा विषय झाली. जिथे विटाळ होता तिथे विनोद आला. हे परिवर्तन फार मोठे आहे आणि त्याचे श्रेय आपण पु. लं.ना पुरेसे देत नाही, कारण ते इतके सहज घडलेले दिसते. मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’पासूनच्या पुस्तकांत तर बाजार, पोळपाटभर वेगळ्या पोळ्या, अनोळखी मसाले हे प्रवासाचे अंगच झाले. उलट दिशेने कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (१९७०) अमेरिकेला निघालेल्या कित्येक मुलींच्या पेटीत बसून गेली.

तरीही एक सल राहतो. विनोदाने विटाळ पुसला तो कुणाचा? ज्याच्या हातचे पाणी चालत असे त्याचा. शाहू पाटोळ्यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आले तेव्हा मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांतले पदार्थ, त्यांची नावे, ते रांधण्याच्या रीती अनेक मराठी वाचकांना प्रथमच कळल्या. भोकरदनपलीकडचे ते अन्न आमच्यासाठी जपानपेक्षा दूर होते. पु. लं.चे पुस्तक घराघरांत होते. शेजारच्या आळीतली चूल पुस्तकात यायला आणखी पंचावन्न वर्षे लागली.

‘अपूर्वाई’ आली त्याच १९६० मध्ये, १ मे रोजी, महाराष्ट्र राज्य झाले. धाड आणि भोकरदन एका राज्यात आले ते थोडे आधी, १९५६ च्या द्विभाषिकात. १९६० मध्ये ते राज्य मराठी झाले. दौलताबादच्या हौदाची हकीकत तेव्हा लिहून झाली होती, पण कागदांतच होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिकेच्या रूपाने छापली १९९० मध्ये. त्या वर्षी आजी होती. तिला मी ती वाचून दाखवली नाही. तिने पहिला प्रश्न विचारला असता तो हाच, की मोगलाईत त्यांना मग पाणी दिले तरी कुणी.